डालडाच्या डब्यातला साप

२०२४ च्या रमजान ईदनंतर चार-पाच दिवसांनी, रात्री जेवताना धाकट्याने विषय काढला.

"अब्बा, ईदी आणि आधीचे धरून माझ्याकडे नऊ हजार झालेत. मला साप घ्यायचाय."

माझ्या बायकोच्या हातातली भाकरी हातातच राहिली. तिने त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं, जणू ही कल्पना मीच त्याच्या डोक्यात घातली होती. "या घरात एकतर तो साप राहील, नाहीतर मी," एवढं बोलून ती आत गेली. थोरली हसायला लागली. धाकटा मात्र हसला नाही. त्याने मोबाईल पुढे केला. फोटोत तपकिरी-सोनेरी ठिपक्यांचा एक साप स्वतःच्याच वेटोळ्यात डोकं खुपसून बसला होता. बॉल पायथन. कुणीतरी ऑनलाइन विकत होतं. किंमत पंधरा हजार, घरपोच. बिलाचं विचारलं तर उत्तर आलं होतं, 'कागदपत्रांची गरज नाही ब्रो.'

पोरगं चौदा वर्षांचं. मी लगेच 'नाही' म्हणू शकलो असतो. बाप म्हणून तेवढा अधिकार आहे. पण म्हणालो नाही. "बघू," म्हणालो. त्याला वाटलं अब्बा विचार करतायत. खरं तर मला अडतीस वर्षांपूर्वीचा डालडाचा एक डबा आठवला होता.

आधी हे सापाचं खूळ कुठून आलं ते सांगतो. २०१९ चा ऑगस्ट कोल्हापूरकर विसरणार नाहीत. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ५ ऑगस्टला नागपंचमी होती, १२ ला बकरी ईद. या दोन सणांच्या मधले दिवस अर्ध्या शहराने दुसऱ्यांच्या घरात, शाळांत, मशिदींत, कार्यालयांत काढले. आमचं घर शुक्रवार पेठेत, नदीच्या बाजूला. आम्ही सासुरवाडीला होतो. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल आणि कपाटाच्या मागे एक साप. काळपट तपकिरी अंग, त्यावर पांढरे पट्टे. शेजारच्या काकू ओरडल्या, "मण्यार हाय! मण्यार!" गल्लीतली पोरं काठ्या घेऊन आली.

कुणीतरी सर्पमित्राला फोन केला. तरुण पोरगा, दोन दिवस झोपलेला नसावा. चिखलातून आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "कवड्या आहे. बिनविषारी. पाली खातो." मग त्याने नऊ वर्षांच्या माझ्या पोराला जवळ बोलावून फरक दाखवला. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलटं. तिचे पट्टे मानेपासून थोडं मागे सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट होतात, बऱ्याचदा जोडीजोडीने. "पण हे बघत बसायचं नाही," तो म्हणाला. "लांब राहायचं आणि आम्हाला बोलवायचं. पट्टे मोजायच्या नादात माणसं मेलीत." त्या दिवसापासून आमचा धाकटा सापांच्या मागे लागला. पुराने आमचा फ्रिज नेला, गादी नेली, बायकोच्या लग्नातल्या साड्या नेल्या आणि पोराला हे दिलं.

आता माझ्या डब्याकडे येतो. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

१९८६ चा पावसाळा. मी अकरा वर्षांचा. घाटापलीकडे शेतांत पाणी साचायचं तिथे आम्ही पोरं खेकडे धरायला जायचो. एक दिवस एकाच्या जाळ्यात मासोळ्यांबरोबर हातभर लांबीचा साप आला. पिवळसर अंग, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन. "आयला, इखारी हाय काय रं?" म्हणत सगळे मागे सरले. मी पुढे झालो, कारण मागे सरणाऱ्यांत आपण दिसायचं नाही एवढंच त्या वयात कळत होतं. मान धरायला गेलो आणि तो चावला. बोटावर बारीक दातांची रांग उमटली, रक्त आलं. पोरांनी मला बांधावर बसवलं आणि मी कधी मरतो याची वाट बघू लागली. अर्ध्या तासाने मी मेलो नाही म्हणून सगळे जरा नाराजच झाले.

ती दिवड होती. पाणदिवडही म्हणतात, काही जण विरोळा म्हणतात. बिनविषारी, पाण्याकाठी राहणारी, बेडूक आणि मासे खाणारी. चावायला मात्र तत्पर. आज हे मला माहीत आहे. तेव्हा मी नशीबवान होतो, एवढंच. आपल्याकडे घोणस आहे, नाग आहे, मण्यार आहे, फुरसं आहे. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा २००० ते २०१९ या काळाचा अभ्यास सांगतो, आणि त्यातले बहुतेक खेड्यांतले, शेतांतले. माझ्याजागी, माझ्याच वयाचं, माझ्याएवढंच शहाणं पोरगं घोणशीच्या पिल्लाला हात घालून गेलेलं असणार. म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो. साप धरू नका, कितीही ओळखीचा वाटला तरी. चावलाच तर कापाकापी, दोरी बांधणं, चोखणं, मंत्र, दर्गा, देऊळ, यातलं काही करू नका. अंगठी-बांगडी काढा, हातपाय हलू देऊ नका आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविषाच्या इंजेक्शनशिवाय विषावर दुसरं औषध नाही.

तर, मी ती दिवड डालडाच्या रिकाम्या डब्यात घालून घरी आणली. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली आणि डबा दादीच्या खाटेखाली, जुन्या ट्रंकेच्या मागे सरकवला.

पाळायचं म्हणजे काय करायचं, हे विचारायला कुणी नव्हतं. मला नागपंचमीच्या चित्रातली वाटी माहीत होती, म्हणून मी दूध ठेवलं. दूध तसंच राहिलं, नासलं, डब्याला वास सुटला. मग भात टाकला. चपातीचा तुकडा टाकला. झुरळ टाकलं. साप यातलं काही खात नाही. त्याचं अन्न म्हणजे अख्खा जीव, गिळता येईल एवढा. दूध त्याला पचत नाही. तहानेने व्याकूळ केला तर साप दूधही तोंडात घेतो, गारुडी तेच करायचे, आणि बघणाऱ्याला वाटायचं देव प्रसन्न झाला.

सहाव्या दिवशी एका मोठ्या पोराने अक्कल दिली आणि मी छोटा बेडूक आणून डब्यात सोडला. झाकण लावून, कान लावून बसलो. थोड्या वेळाने उघडून बघतो तर बेडूक नाही आणि सापाच्या पोटात एक गाठ. माझा आनंद गगनात मावेना. मी धावत जाऊन पोरांना बोलावलं. दोन गोट्या घेऊन साप दाखवायचा, हा माझा धंदा चालूच होता. त्या दिवशी मी चार गोट्या लावल्या. साप बाहेर काढला, हातात धरला, गाठ दाखवली, एकेकाच्या हातात दिला. पाचव्या पोराच्या हातात असताना सापाने तो बेडूक उलटून टाकला.

जेवल्यावर सापाला हात लावायचा नसतो. किमान दोन दिवस तरी. पचनासाठी त्याला ऊब लागते आणि निवांतपणा लागतो. घाबरला की तो पळायला हलकं व्हावं म्हणून खाल्लेलं टाकून देतो. हे मला कळलं चाळिशी ओलांडल्यावर. त्या दिवशी एवढंच कळलं की त्यानंतर त्याने परत काही खाल्लं नाही. आतून मलाही माहीत होतं की काहीतरी बिघडलंय. पण गोट्या चालू होत्या.

नवव्या दिवशी दादीला वास आला.

दादी खाटेवरून उतरली, वाकली, डबा ओढला, झाकण उघडलं. मी दारात उभा. मला वाटलं आता ओरडेल, अब्बांना बोलवेल, अब्बा पट्टा काढतील. दादीने झाकण परत ठेवलं आणि खाटेवर बसली. "सांप पाला तू?" मी मान हलवली. "खाता क्या वो?" मी म्हणालो, "नै खाता."

दादी शिकलेली नव्हती. पण नबींच्या गोष्टी तिला पाठ होत्या, तिच्या सासूकडून आलेल्या. तिने मला शेजारी बसवून मांजराची गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. एक बाई होती. तिने मांजर बांधून ठेवलं. त्याला खायला दिलं नाही आणि मोकळंही सोडलं नाही की ते जमिनीवरचे किडेमकोडे खाऊन जगेल. मांजर मेलं. ती बाई त्या एका मांजरापायी जहन्नममध्ये गेली. "नमाजं पढती होगी वो बी," दादी म्हणाली. "रोजे रखती होगी."

मग तिने निकाल दिला. "जुम्मे के पहले छोड के आ. जहां से लाया वहांच."

सापांबद्दल आपल्याकडे दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात, हे मी नंतर वाचलं. इजा करणारा प्राणी म्हणून साप मारायची मुभा हदीसमध्ये आहे. आणि घरात दिसलेल्या सापाला आधी निघून जायला सांगा, मुदत द्या, लगेच मारू नका, हेही आहे. दादी दुसऱ्या बाजूची होती. परसात साप दिसला की ती पदर सावरून उभी राहायची आणि मोठ्याने तीनदा सांगायची, "जा बाबा, अल्ला के वास्ते जा, हमारे बच्चे हैं इधर." सापाला बाहेरचे कान नसतात, त्याला आपली बडबड आपण ऐकतो तशी ऐकू येत नाही. पण दादी हे सांगत असेपर्यंत काठी आणायला धावणारा माणूस थांबायचा आणि तेवढ्यात साप निघून जायचा. त्या हदीसचा हा उपयोग मला कुठल्या किताबात वाचायला मिळाला नाही, परसात बघायला मिळाला.

गुरुवार उजाडला. श्रावणातली उघडीप होती, कडक ऊन पडलेलं. साप मलूल झाला होता. मला वाटलं शेवटचा एक खेळ करू, मग संध्याकाळी सोडू. थंडीने मलूल झाला असेल, जरा उन्हात ठेवला की तरतरीत होईल. मी डबा माडीच्या पत्र्यावर ठेवला, झाकण लावून, वर वीट ठेवून. आणि खाली पोरं क्रिकेट खेळत होती तिथे गेलो. माझी बॅटिंग आली. मग बोलिंग. मग परत बॅटिंग.

साप थंड रक्ताचा म्हणतात त्याचा अर्थ एवढाच की त्याला स्वतःच्या शरीरात ऊब तयार करता येत नाही. ऊन हवं तर तो उन्हात जातो, नको तर सावलीत. त्याचं सगळं जगणं या ये-जा करण्यावर असतं. मी त्याला उन्हात ठेवलं आणि सावलीत जायची वाट बंद केली. डबा पत्र्याचा, खाली पत्रा. अस्रच्या अजानला मला आठवण झाली. डब्याला हात लावला तर चटका बसला.

मी त्याला पंचगंगेच्या काठी चिखलात पुरला. घरी आलो. दादी वजू करून बसली होती. तिने विचारलं, "छोडा?" मी म्हणालो, "छोडा." तिने कमरेच्या पिशवीतून आठ आणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि डोक्यावरून हात फिरवून दुआ दिली. दुसऱ्या दिवशी जुम्म्याला तिने अर्ध्या गल्लीला सांगितलं की माझ्या नातवाने एका जिवाला जीवदान दिलं. दादी १९९८ मध्ये गेली. मी तिला खरं कधीच सांगितलं नाही.

आता समजलं असेल मी पोराला 'नाही' का म्हणालो नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

त्याऐवजी आम्ही दोघांनी ठरवलं की आधी माहिती काढायची. माझा एक चुलतभाऊ इंग्लंडात लेस्टरला आहे. त्याच्या मुलीने चार वर्षांपासून बॉल पायथन पाळलाय. तिकडे त्याला परवान्याची गरज नाही आणि खाणं दुकानात मिळतं. आम्ही व्हिडिओ कॉल लावला. पुढचा तासभर त्या पोरीने आम्हाला जे दाखवलं ते बघून मी गप्पच झालो.

काचेची पेटी, साप पूर्ण लांब होऊ शकेल एवढी मोठी, आणि झाकण कुलपासारखं बंद होणारं, कारण साप बोटभर फटीतून निघून जातो. पेटीची एक बाजू उबदार, साधारण ३१ ते ३३ अंश. दुसरी बाजू थंड, २५-२६ च्या आसपास. दोन्ही बाजूंना लपायला एकेक अंधारी जागा. एकच ठेवली तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यांतून एक निवडावी लागते, आणि तो सुरक्षितता निवडून उपाशी, थंड बसून राहतो. ऊब देणाऱ्या दिव्याला थर्मोस्टॅट पाहिजेच, नाहीतर साप भाजतो आणि भाजेपर्यंत त्याला कळतही नाही. हवेतला दमटपणा मोजायला वेगळं यंत्र. तो साठ टक्क्यांच्या आसपास हवा. कमी झाला की कात नीट निघत नाही, तुकड्यातुकड्याने चिकटून राहते. डोळ्यांवरची कातसुद्धा, कारण सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघायला हवा. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात. त्या दिवसांत त्याला दिसत नाही, म्हणून हात लावायचा नाही आणि खायला घालायचंही नाही.

खाणं म्हणजे उंदीर. सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढा, त्याहून मोठा नाही. पिल्लाला पाच-सात दिवसांनी एक, मोठ्याला दोन ते चार आठवड्यांनी एक. जिवंत द्यायचा नाही, कारण कोंडलेला उंदीर सापालाच चावून जखमी करतो. गोठवलेला आणायचा, कोमट पाण्यात ऊब आणून, लांब चिमट्याने धरून द्यायचा. नवीन साप घरी आणला की पहिले सात-आठ दिवस त्याच्याकडे बघायचंही नाही. पाणी बदलायचं आणि लांब व्हायचं. तिच्या सापाने एका हिवाळ्यात तीन महिने काही खाल्लं नव्हतं. या जातीत ते होतं. ती दर आठवड्याला वजन करून वहीत लिहीत राहिली. वजन टिकून आहे म्हणून ती घाबरली नाही.

"उंदीर कुठे ठेवता?" माझ्या बायकोने मागून विचारलं. ती मघापासून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती, हे मला माहीतच नव्हतं.

"फ्रीजरमध्ये," चुलतभाऊ म्हणाला. "माझी बायको महिनाभर बोलत नव्हती. मग वेगळा छोटा फ्रीजर घेतला. खिमा एकीकडे, उंदीर एकीकडे."

"याअल्ला," म्हणून बायको परत आत गेली.

माझ्या लक्षात राहिली ती पोरगी. सोळा-सतरा वर्षांची असेल. सापाला बाहेर काढून दाखव म्हटल्यावर ती म्हणाली, "आज नाही काका, परवा खाल्लंय त्याने." पाहुणे मोबाईलवर वाट बघत असताना ती हे सरळ सांगू शकली.

मग कायदा बघितला. इथे बऱ्याच लोकांचा गोंधळ आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातले साप संरक्षित आहेत. नाग असो, धामण असो, नाहीतर माझी ती दिवड असो, घरात पाळता येत नाही. पकडणं, डांबणं, विकणं गुन्हा आहे आणि त्याला तुरुंग आणि दंड आहे. म्हणजे अकराव्या वर्षी मी गुन्हेगारही होतो. मांडूळ, ज्याला लोक दुतोंड्या म्हणतात, त्याच्यापायी तर आपल्याकडे किती टोळ्या पकडल्या जातात, रोजच्या पेपरात वाचतोच. गुप्तधन मिळतं म्हणे. त्या बिचाऱ्या सापाची शेपटी बोथट आहे, एवढाच त्याचा दोष. जवळच्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला जिवंत नागांचे खेळ व्हायचे, त्यावरही न्यायालयाच्या आदेशाने बंधनं आली.

बॉल पायथन आपला नाही, पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. पण आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत तो आहे. २०२२ मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि २०२४ मध्ये नियमही आले. त्यानुसार असा परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर ठरलेल्या मुदतीत नोंद करायची असते. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, पिल्लं झाली, सगळं कळवायचं असतं. नोंद करायची तर तो कुठून आला हे सांगता आलं पाहिजे. म्हणजे 'कागदपत्रांची गरज नाही ब्रो' हे वाक्य साफ खोटं होतं. कागद नसलेला साप बहुतेकदा चोरट्या मार्गाने आलेला असतो, बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळून. एक पोचतो तेव्हा वाटेत किती मेलेले असतात, ते विकणारा सांगत नाही. मला परत डबा दिसला.

हे सगळं झाल्यावर मी धाकट्याला म्हणालो, "आता तू हिशेब मांड. मग सांग."

त्याने वहीचं पान घेतलं. पेटी, थर्मोस्टॅट, दिवे, मोजायची यंत्रं. कागदपत्रांसह साप घ्यायचा तर तो वेगळा. गोठवलेले उंदीर कोल्हापुरात कोण देणार, प्रश्नचिन्ह. सापाला बघणारा पशुवैद्य, प्रश्नचिन्ह. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा दिव्याला बॅटरी. डिसेंबरच्या रात्री पारा पंधराच्या खाली येतो तेव्हा ऊब, आणि एप्रिलमध्ये पत्रा तापतो तेव्हा उलट गारवा. पूर आला तर पेटी कुठे न्यायची, हे त्याने स्वतःहून लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, आयुष्य वीस ते तीस वर्षं.

"अब्बा, मी तेव्हा चाळीसचा असेन," तो म्हणाला. "बारावीनंतर मी पुण्याला गेलो तर?"

मी काही बोललो नाही. तो स्वयंपाकघराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अम्मी नाही बघणार."

"नाही बघणार," आतून आवाज आला.

त्या रात्री गच्चीवर मी त्याला डब्याची गोष्ट सांगितली. सगळी. गोट्या, बेडूक, पत्रा, आठ आणे. मला वाटलं होतं हा म्हणेल, तुम्ही लहान होता अब्बा. तसं काही म्हणाला नाही. बराच वेळ गप्प बसून त्याने एकच विचारलं, "दादीअम्माला मग कधीच नाही सांगितलंत?"

"नाही."

"का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मांजराच्या गोष्टीतल्या बाईच्या शेजारी मला बसवून ती माझ्याकडे बघेल, ही भीती होती. आणि आठ आणे परत द्यावे लागतील, हीसुद्धा.

सापाची हौस मरत नाही, तिला वाट द्यावी लागते. आमच्या लहानपणी शाळेची सहल चंदगडजवळ ढोलगरवाडीला गेली होती. तिथल्या शाळेत बाबूराव टक्केकर सरांनी सर्पशाळा उभी केली होती आणि नागपंचमीला तिथे सापांची माहिती सांगितली जायची. माझ्याच जिल्ह्यातली, माझ्याच वयाची पोरं न घाबरता साप ओळखत होती आणि कुणी डबा घेऊन उभं नव्हतं. मी ती सहल दिवड मेल्यानंतरच्या वर्षी केली. एक वर्ष आधी गेलो असतो तर, असं अनेकदा वाटलंय. पुण्याचे नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले, ते माणसांची भीती घालवायला. पुढे कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. धाकट्याला आम्ही तिथे नेलं. काचेला नाक लावून तो अख्खा दिवस फिरला. त्याच्या नऊ हजारांतून त्याने सापांवरची दोन पुस्तकं आणि एक चांगली टॉर्च घेतली. बाकीचे बँकेत आहेत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत धामण निघाली. सहा-सात फूट असेल. काठ्या निघाल्या. धाकटा मध्ये जाऊन उभा राहिला, हात लांब करून, सापापासून चांगला पंधरा फूट. "कुणी पुढे यायचं नाही. फोन केलाय," तो म्हणाला. एक म्हातारे चाचा चिडले, "ए पोरा, चावली म्हणजे?" "बिनविषारी आहे चाचा. उंदीर खाते. तुमच्या गोदामातले." लोक कुरकुरत थांबले. वीस मिनिटांनी सर्पमित्र आला, त्याने ती पिशवीत घेतली आणि वनखात्याला कळवून नदीपलीकडे सोडली. सोडताना आम्ही दोघे सोबत होतो. पिशवीचं तोंड उघडलं, धामण क्षणभर थांबली आणि उसात दिसेनाशी झाली. जिथे ती गेली तिथून माझा खेकड्यांचा बांध फार लांब नव्हता. आता तिथे प्लॉट पडलेत.

या वर्षी शब-ए-बारातच्या रात्री नेहमीप्रमाणे बागल चौकातल्या कब्रस्तानात गेलो. धाकटा बरोबर होता. फातिहा पढलो, फुलं वाहिली. निघताना त्याने माझी बाही ओढली आणि कबरीकडे मान केली. मला कळलं. आजूबाजूला गर्दी होती, लोक आपापल्या माणसांपाशी उभे होते. मी खाली बसलो आणि हळू आवाजात दादीला सांगितलं, की छोडा नै था.